काचेच्या जागी प्लास्टिक चालेल का?

गाडीची काच फुटली. गाडी तर उद्या चालवायचीच आहे. मग काचेच्या जागी प्लास्टिक लावले तर चालेल का? हा प्रश्न आता गावोगावी पडतो.

एके काळी गावात मोटार आली की पोरे मागे धावत. आता अड्याळच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहा. ऑटोरिक्षा जाते, जीप जाते, टेम्पो जातो, ट्रॅक्टर जातो, एस. टी. जाते. कुणाच्या अंगणात स्वतःची कारही उभी असते. गाडी आली तशी काच आली. काच आली म्हणजे कधी ना कधी ती फुटणारच. तेव्हा काय करावे आणि काय करू नये, हे या धड्यात पाहू.

एक प्रसंग

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. शेती करतो. त्याने कर्ज काढून एक जुनी कार घेतली. एकदा रस्त्याने जाताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा गोटा उडाला आणि त्याच्या बाजूच्या दाराची काच फुटली. त्याने बाजारातून जाड प्लास्टिकची पाटी आणली, दाराच्या मापाने कापली आणि स्क्रू मारून पक्की बसवली. काम स्वस्तात झाले. तो खूश झाला.

नोव्हेंबर महिना होता. आम्ही हयातीचा दाखला देण्यासाठी भंडाऱ्याला गेलो होतो. परत येताना तो भेटला. म्हणाला, "चला गुरुजी, घरी सोडतो." आम्ही बसलो. ते प्लास्टिक पाहून आम्ही विचारले, "अरे, हे काय लावलेस?"

तो हसून म्हणाला, "काच महाग आहे जी गुरुजी. हे दीडशेत झालं. वारा येत नाई, धूळ येत नाई. आन् प्लास्टिकले कोन विचारते?"

आम्हीही गप्प बसलो. खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हालाही नियम ठाऊक नव्हता.

दिवस मावळायला आला होता. भंडाऱ्याहून अड्याळकडे येताना मावळतीचा सूर्य उजव्या हाताला येतो. प्लास्टिक लावून तीनच महिने झाले होते. पण धुळीच्या फडक्याने पुसून पुसून त्यावर हजार ओरखडे उठले होते. सूर्याचे तिरपे ऊन त्यावर पडले आणि सगळी पाटी पांढरी झाली. जणू कोणी चुना फासला होता.

त्याला वाटेत उजवीकडच्या पांदणीत वळायचे होते. उजव्या बाजूचा आरसा त्याच पाटीतून पाहावा लागत होता. त्याने पाहिले. आरशात काही दिसले नाही. रस्ता मोकळा आहे असे समजून त्याने गाडी वळवली. तेवढ्यात मागून जोराचा हॉर्न आला. एक मोटारसायकल उजवीकडून पुढे निघत होती. गाडीवर नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल. याने ब्रेक दाबला. मोटारसायकलवाल्याने गाडी खाली मुरमात घातली. गाडी घसरली. बाईचे कोपर सोलून निघाले. मूल आईच्या मांडीवर होते, ते वाचले.

आमचा विद्यार्थी खाली उतरला. त्याचे हात थरथरत होते. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मले दिसलंच नाई जी. मले दिसलंच नाई."

तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच दिसले नव्हते. पण का दिसले नाही? त्याने स्वतःच आपल्या डोळ्यांपुढे पडदा टांगला होता.

गाडीची काच साधी नसते

घरातल्या खिडकीची काच आणि गाडीची काच एक नाही. घरातली काच फुटली की तिचे सुरीसारखे धारदार तुकडे होतात. पूर्वी मोटारींना तशीच साधी काच असे. अपघातात माणूस धक्क्याने जितका मरे, तितकाच काचेने कापून मरण्याचे भय असे.

1903 साली फ्रान्स देशात एदुआर बेनेदिक्तुस नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्या हातून काचेचे एक भांडे खाली पडले. भांड्याला तडे गेले, पण तुकडे उडाले नाहीत. त्यांनी नीट पाहिले. भांड्यात पूर्वी एक द्रव्य ठेवले होते. ते सुकून आतून पातळ पापुद्रा बसला होता. त्या पापुद्र्याने काचेचे तुकडे धरून ठेवले होते. यावरून त्यांना दोन काचांच्या मध्ये चिकट पापुद्रा घालण्याची युक्ती सुचली. 1909 साली त्यांनी तिचा हक्क नोंदवला.

आज गाडीच्या समोरची मोठी काच याच जातीची असते. तिला लॅमिनेटेड काच म्हणतात. दोन पातळ काचा आणि मध्ये प्लास्टिकचा चिवट पापुद्रा. दगड लागला तर तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण ती जागा सोडत नाही. चालकाच्या डोळ्यांत तुकडे जात नाहीत. आतला माणूस बाहेर फेकला जात नाही.

दारांच्या काचा बहुधा दुसऱ्या जातीच्या असतात. त्यांना टफन्ड काच म्हणतात. काच सहाशे अंशांहून अधिक तापवतात आणि मग थंड वाऱ्याचे झोत सोडून एकदम निववतात. लोहार कोयत्याला पाणी देतो, तसाच हा प्रकार समजा. अशी काच साध्या काचेहून कितीतरी बळकट होते. फुटलीच तर तिचे खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात. अंगावर पडले तरी खोल जखम होत नाही.

आणखी एक गोष्ट. आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा आहे. गाडी पाण्यात गेली किंवा दार दबून अडकले, तर दाराची काच फोडून बाहेर निघता येते. टफन्ड काचेच्या कोपऱ्यावर टोकदार लोखंडी वस्तूने जोराने मारले की ती सगळी खाली झडते. स्क्रू मारलेली प्लास्टिकची पाटी अशी झडत नाही.

प्लास्टिकचे दोष

प्लास्टिकही पारदर्शक असते. मग बिघडते कुठे? चार ठिकाणी बिघडते.

पहिले, प्लास्टिकला ओरखडे पडतात. काच कठीण असते, प्लास्टिक मऊ असते. धुळीने आणि फडक्याने त्यावर रेघा उठतात. समोरच्या बाजूला लावले तर पाणी पुसणारा वायपर थोड्याच दिवसांत ते घासून आंधळे करतो. दिवसा त्यातून कसेबसे दिसते. रात्री समोरून दिव्याचा झोत आला की प्रत्येक रेघ चमकते आणि रस्ता नाहीसा होतो.

दुसरे, प्लास्टिक उन्हाने खराब होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात साधे प्लास्टिक पिवळे पडते, वाकते, त्याला लाटा येतात. लाटा आलेल्या प्लास्टिकमधून जवळची वस्तू दूर आणि सरळ वस्तू वाकडी दिसते.

तिसरे, काही प्लास्टिक फुटले की त्याचे लांब टोकदार तुकडे होतात. दुकानात ॲक्रिलिक नावाची पाटी मिळते, ती तशी आहे.

चौथे, प्लास्टिक आग धरते. काच जळत नाही.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात गाड्यांसाठी 1988 चा मोटार वाहन कायदा आहे. त्याखाली 1989 साली केंद्रीय मोटार वाहन नियम झाले. त्यांतला नियम 100 हा काचेचा नियम आहे. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे.

या नियमाचे सार असे:

गाडीच्या समोरची काच आणि खिडक्यांच्या काचा सुरक्षा काचेच्या असल्या पाहिजेत. सुरक्षा काच म्हणजे फुटली तरी खोल जखम करणारे तुकडे न उडवणारी, सरकारने ठरवलेल्या मानकाप्रमाणे बनवलेली काच.

समोरची काच लॅमिनेटेडच असली पाहिजे. ही अट 1993 च्या दुरुस्तीने आली. कारखान्यांना तीन वर्षांची मुदत दिली होती. त्या मुदतीनंतर बनलेल्या गाड्यांना ही अट लागू आहे. दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर यांना ती लागू नाही.

समोरच्या आणि मागच्या काचेतून 100 भाग उजेडापैकी निदान 70 भाग आत आला पाहिजे. बाजूच्या काचांतून निदान 50 भाग आला पाहिजे.

म्हणजे उत्तर सरळ आहे. कार, ट्रक, बस, बंद टेम्पो, शाळेची गाडी अशा गाड्यांच्या काचेच्या जागी बाजारातले प्लास्टिक लावून रस्त्यावर चालवणे नियमात बसत नाही.

कोणी म्हणेल, "गाडी माझी, जीव माझा. सरकारला काय त्याचे?" पण त्या मोटारसायकलवरच्या मुलाचा जीव कोणाचा? रस्ता सगळ्यांचा आहे. म्हणून रस्त्याचा नियमही सगळ्यांचा आहे.

धोक्याची गाडी चालवण्याबद्दल त्याच कायद्याचे कलम 190 आहे. त्यात चालवणारा दोषी धरला आहे आणि जाणूनबुजून चालवू देणाराही दोषी धरला आहे. म्हणजे मालकाने "ड्रायव्हरने चालवली, मला काय ठाऊक" असे म्हणून सुटका होत नाही. आणि नोकरीवरच्या ड्रायव्हरने "मालकाने सांगितले" असे म्हणूनही होत नाही. दोष माहीत असून गाडी चालवली आणि त्यामुळे अपघात झाला, तर शिक्षा वाढते. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून दंडही मोठे झाले आहेत.

भाड्याच्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. त्या तपासणीत काचही पाहतात. प्लास्टिकची खिडकी असलेली गाडी तिथे अडते.

सवलत कोणाला आहे

नियम करणाऱ्यांनी गरिबाच्या गाडीचाही विचार केला आहे. नियम 100 मध्येच सवलत लिहिली आहे. ती नीट समजून घ्या.

तीन चाकांच्या गाड्यांना, म्हणजे ऑटोरिक्षांना, खिडकीच्या जागी पारदर्शक प्लास्टिक लावता येते. तसेच ज्या गाडीला कापडी हूड आणि बाजूला पडदे असतात, उदाहरणार्थ जुन्या घडणीची उघडी जीप, तिलाही बाजूला पारदर्शक प्लास्टिक चालते. पडद्याला काच शिवता येत नाही, हे उघड आहे. आणि अशा गाडीतून माणूस सहज बाहेर पडू शकतो.

पण ही सवलत खिडकीपुरती आहे. ऑटोरिक्षाची आणि जीपची समोरची काच ही सुरक्षा काचच पाहिजे. पुष्कळ ऑटोवाले इथेच चुकतात. बाजूला चालते म्हणून समोरही चालेल, असे समजतात.

शेतीच्या ट्रॅक्टरला या काचेच्या अटीतून वगळले आहे. तरी ट्रॅक्टरच्या टपाला समोर काही लावले असेल तर ते स्वच्छ असावे. धानाची पोती भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याने नेताना न दिसण्याचा धोका तितकाच आहे.

एक गैरसमज

काही लोक सांगतात, "नियम बदलला. आता प्लास्टिक चालते." यात थोडे खरे आहे आणि पुष्कळ चूक आहे.

1 एप्रिल 2021 पासून नियमात सुरक्षा काचेबरोबर 'सुरक्षा ग्लेझिंग' हे शब्द आले. ग्लेझिंग म्हणजे खिडकीत बसवायचा पारदर्शक भाग. काचेच्या आतल्या अंगाला प्लास्टिकचा थर असलेली काच त्यात येते. पण तीही मानकाप्रमाणे तपासलेली पाहिजे. त्या मानकाचा क्रमांक आय. एस. 2553, भाग 2 असा आहे. दुकानात मीटरवर मिळणारे प्लास्टिक या मानकाने तपासलेले नसते.

काळ्या फिल्मची गोष्ट याहून निराळी आहे. फिल्म काचेच्या जागी नसते, काचेवर चिकटवलेली असते. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. पुढे 2021 चा नियम आला. त्यावरून केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले की, उजेडाचे 70 आणि 50 भागांचे माप पाळणारी, मानकात बसणारी फिल्म चालेल. म्हणून फिल्म लावण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. पण या कोणत्याही निकालात काच काढून प्लास्टिक लावण्याची परवानगी नाही.

काच फुटली तर काय करावे

गाडी आधी बाजूला उभी करा. हाताने खडे गोळा करू नका. झाडू घ्या. बसण्याच्या गादीच्या फटींत खडे अडकतात, ते नीट काढा.

पाऊस असेल तर उभ्या गाडीला प्लास्टिक बांधून ठेवायला हरकत नाही. अंगणात उभी गाडी कुणाला धोका करत नाही. पण "दोन दिवसच लावतो" अशी रस्त्यावरची सवलत नियमात लिहिलेली नाही. आणि आपल्याकडे दोन दिवसांचे दोन महिने कसे होतात, हे आपण जाणतो. समोरची काच फुटून दिसेनासे झाले असेल तर गाडी चालवूच नका. मिस्त्रीला बोलवा किंवा गाडी ओढून न्या.

नवी काच घेताना तिच्या कोपऱ्यात पाहा. तिथे बनवणाऱ्याचे नाव, आय. एस. आय. चे चिन्ह आणि 2553 हा आकडा उमटवलेला असतो. आता आपल्याला अक्षर येते, आकडा येतो. मग दुसऱ्याच्या भरवशावर कशाला राहावे? स्वतः वाचून घ्या. छाप नसेल तर ती काच घेऊ नका. पक्की पावती मागा.

आणि विम्याचा कागद काढून वाचा. विमा दोन प्रकारचा असतो. एक केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा. त्यात आपल्या काचेचे पैसे मिळत नाहीत. दुसरा पूर्ण विमा. त्यात आपल्या गाडीचे नुकसानही येते. पूर्ण विम्यात एक चांगली अट आहे. गाडी जुनी झाली म्हणून प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत कापतात. काचेच्या भागांची मात्र काही कापत नाहीत. ठरलेली थोडी रक्कम तेवढी मालकाला भरावी लागते. पण काच बदलण्याआधी विमा कंपनीला कळवले पाहिजे. दावा केला तर पुढच्या वर्षीची सूट जाऊ शकते, हाही हिशेब करावा. काच लहान असेल तर कधी स्वतः पैसे देणे परवडते. समोरची मोठी काच असेल तर बहुधा विमा उपयोगी पडतो.

पुढे काय झाले

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी आमचा विद्यार्थी घरी आला. हातात गाडीचे सगळे कागद होते. म्हणाला, "गुरुजी, हे तीन वर्षांपासून गाडीच्या डब्यात पडून हायेत. एक बी वाचला नाई."

आम्ही दोघांनी ओसरीवर बसून सगळे कागद वाचले. नियम 100 मिळवून तोही वाचला. विम्याचा हिशेब केला. दाराची काच लहान होती, म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने बसवायचे ठरवले. चार दिवसांत छाप असलेली काच बसली. प्लास्टिकची ती पाटी त्याने फेकली नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. तिथे ती चांगली शोभते.

मग तो त्या मोटारसायकलवाल्याच्या घरी गेला. बाईच्या औषधाचे पैसे दिले आणि माफी मागितली. घरच्यांनी त्याला चहा पाजला. पण तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, ते पोरगं अंगनात खेळत होतं. त्याच्याकडे पाहून घोट उतरत नोता."

मंडळी, काच महाग आहे हे खरे. पण काय स्वस्त आणि काय महाग, याचा हिशेब दुकानात पूर्ण होत नाही. तो रस्त्यावर पूर्ण होतो.

लक्षात ठेवा

1. बंद गाडीच्या काचेच्या जागी प्लास्टिक लावून रस्त्यावर चालवू नये.
2. ऑटोरिक्षा आणि हूडच्या जीपला फक्त खिडकीपुरती सवलत आहे. समोर सुरक्षा काचच पाहिजे.
3. काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचूनच काच घ्यावी.
4. चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही जबाबदार आहेत.
5. विम्याचा कागद काच फुटण्याआधी वाचावा.

सांगा पाहू

1. समोरची काच आणि दाराची काच यांत काय फरक आहे?
2. मोटारसायकल आरशात का दिसली नाही?
3. तुमच्या गावातल्या कोणत्या गाड्यांना खिडकीचे प्लास्टिक चालते? कोणत्या गाड्यांना चालत नाही?
4. आज एखाद्या गाडीजवळ जा. मालकाला विचारून काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचा आणि वहीत उतरवून आणा.

शब्दांचे अर्थ

पारदर्शक: ज्यातून पलीकडचे दिसते ते.
मानक: वस्तू कशी असावी याचे सरकारने ठरवलेले माप.
योग्यता प्रमाणपत्र: गाडी रस्त्यावर चालवण्यास ठीक आहे असा दाखला.
दावा: नुकसानीचे पैसे मिळावे म्हणून विमा कंपनीकडे केलेली मागणी.